६५ वॉटचा चार्जर, ३६ वॉटचं आयर्न: पोर्टेबल सोल्डरिंग आयर्नच्या एका निवडीचं प्रकरण

मावसभावाला पोर्टेबल स्मार्ट सोल्डरिंग आयर्न घ्यायचं होतं. त्याच्याकडे होतं ते थेट मेन्सवर चालणारं २५ वॉटचं साधं आयर्न. त्याला ना तापमानावर ताबा, ना स्वतःचा स्विच. अशा आयर्नचा त्रास दोन्ही बाजूंनी होतो. स्टँडवर नुसतं पडून असलं की त्याची उष्णता कुठेच खर्च होत नाही, बिट, म्हणजे आयर्नचं तापणारं टोक, ४०० अंश सेल्सिअसच्याही वर चढतं, काळं पडतं आणि काम सुरू करताच बोर्डावरचा पॅड, म्हणजे टाका मारायचा तांब्याचा तुकडा, सोलून काढतं. जाड वायर समोर आली की तेच आयर्न गारठतं, कारण २५ वॉटपलीकडे द्यायला त्याच्यापाशी काही नसतं. त्याच्या तक्रारीही नेमक्या याच होत्या: बारीक कामात पॅड जळतात, मोठ्या कामात टाका धरत नाही.

त्याची कामं तीन जातींची. रोजचं काम म्हणजे ईएसपी३२ सारख्या छोट्या मायक्रोकंट्रोलर मॉड्यूलना २.५४ मिलिमीटर अंतराच्या हेडर पिना लावणं आणि मधूनमधून ०८०५ मापाचे एसएमडी, म्हणजे थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारे, रेझिस्टर-कपॅसिटर बसवणं. दुसरं काम बाहेरचं: उघड्यावर लावलेल्या सेन्सरची वायर तुटली की ती जागच्या जागी जोडायची, जिथे प्लग नसतो. तिसरं ड्रोनचं: बॅटरीच्या एक्सटी६० कनेक्टरला आणि मोटर चालवणाऱ्या ईएससी बोर्डाला १२ गेजची वायर लावायची. टेबल घडीचं, काम झालं की आवरून ठेवायचं. त्यामुळे मोठं स्टेशन नको, पेन्सिलीएवढं आयर्न हवं, ही मागणी रास्तच होती.

त्यानं आणलेली यादी वॉटच्या आकड्यानुसार लावलेली होती, जास्त वॉट सगळ्यात वर. मी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "तुझा सगळ्यात मोठा टाका कोणता?" माझ्या मते आयर्नची निवड इथून सुरू व्हायला हवी. बारीक काम जवळजवळ कुठलंही तापमान-नियंत्रित आयर्न करतं. खरी परीक्षा मोठ्या टाक्याची असते, आणि त्याच्या बाबतीत तो टाका म्हणजे ईएससीचा ग्राउंड पॅड. १२ गेजच्या वायरचा छेद सुमारे ३.३ चौरस मिलिमीटर असतो. एका बाजूनं ही तांब्याची वायर उष्णता ओढून नेते, दुसऱ्या बाजूनं पॅडखाली पसरलेले तांब्याचे थर. बिटनं दोघांनाही पुरून उरायला हवं.

या आयर्नचं बळ कुठे असतं, तेही त्याला आधी दाखवलं. जुन्या धाटणीच्या स्टेशनमध्ये हीटर आत असतो आणि बिट त्यावर टोपणासारखं चढवलेलं असतं. दोघांमध्ये हवेची बारीक फट राहते आणि उष्णता टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो. हॅकोच्या टी१२ घराण्यातल्या बिटमध्ये हीटर आणि तापमान मोजणारा थर्मोकपल हे दोन्ही बिटच्या आतच, टोकाजवळ, एकाच मालिकेत जोडलेले असतात. मिनीवेअर कंपनीच्या टीएस१०० या पोर्टेबल आयर्नची बिटं याच तत्त्वावर चालतात, पाइन६४ कंपनीच्या पाइनसिलचीही. कंट्रोलर क्षणभर वीज थांबवतो, थर्मोकपलचा व्होल्टेज वाचतो आणि परत वीज सोडतो. हे सेकंदाला अनेकदा चालतं. टाक्यानं उष्णता ओढली की टोकाचं तापमान उतरतं, ते लगेच कळतं आणि हीटर पूर्ण जोरानं चालू होतो. पूर्ण जोर म्हणजे किती, हे मात्र आयर्नच्या हातात नसतं.

घेण्याआधी वापरून बघावं म्हणून एका मित्राचं पाइनसिल, त्याची दुसरी आवृत्ती, मागून आणलं. सोबत भावाचा लॅपटॉपचा ६५ वॉटचा यूएसबी-सी चार्जर आणि फोनबरोबर आलेली केबल. हेडरच्या पिना झकास लागल्या. प्रत्येक पिनेवर सोल्डर पसरून त्याचा छान निमुळता शंकू तयार होत होता. मग खराब झालेला एक ईएससी बोर्ड घेतला, तापमान ३५० वर ठेवलं आणि ग्राउंड पॅडवर वायर धरली. स्क्रीनवरचा आकडा भराभर उतरला, सोल्डर वितळलं खरं, पण पॅडवर पसरेना. वायरभोवती खडबडीत, करड्या रंगाचा गोळा झाला. वायर हलवली तशी ती गोळ्यासकट सुटून आली. पक्का ड्राय सोल्डर, म्हणजे न धरलेला कच्चा टाका.

"ताई, चार्जरवर ६५ लिहिलंय. मग हे ३६च्या वर का जात नाहीये?"

सविस्तर स्क्रीन चालू केल्यावर आयर्न किती व्होल्ट घेतंय ते दिसतं. तिथे १५ व्होल्ट होते. या प्रकरणाची मेख इथेच आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

यूएसबी पॉवर डिलिव्हरीमध्ये, म्हणजे यूएसबी-सीवरून जास्त वीज देण्याच्या पद्धतीत, चार्जर वॉट देत नाही. तो ठरावीक व्होल्टेजचे पर्याय आणि प्रत्येक पर्यायाला चालेल इतका करंट जाहीर करतो. नेहमीचे पर्याय ५, ९, १५ आणि २० व्होल्टचे. आयर्नचा हीटर हा साधा रेझिस्टर आहे. त्याला २० व्होल्ट दिले की किती करंट वाहणार हे बिटच्या ओहमवर ठरतं, त्यात आयर्नला तडजोड करता येत नाही. पाइनसिलसोबत येणाऱ्या आखूड बिटचा रोध ६.२ ओहम. २० व्होल्टला करंट झाला ३.२ अँपिअर आणि शक्ती साधारण ६४ वॉट. ६५ वॉटचा चार्जर २० व्होल्टला ३.२५ अँपिअर देतो, म्हणजे हिशेब जेमतेम बसतो. पण ३ अँपिअरच्या वर करंट न्यायचा तर केबलमध्ये ओळख सांगणारी चिप लागते, म्हणजेच ५ अँपिअरची केबल. फोनसोबतच्या केबलमध्ये ती नव्हती, म्हणून चार्जरनं २० व्होल्टला फक्त ३ अँपिअर जाहीर केले. आयर्ननं गणित केलं: आपल्याला ३.२ लागणार, समोरचा ३ देतोय, म्हणजे हा पर्याय बाद. मग ते खालच्या पायरीवर, १५ व्होल्टवर उतरलं. १५ चा वर्ग भागिले ६.२, उत्तर ३६ वॉट.

आता याची गंमतशीर वाटणारी, पण कामाची बाजू बघा. त्याच चार्जरला, त्याच केबलनं टीएस१०० जातीचं ८ ओहमचं लांब बिट लावलं तर २० व्होल्टला अडीच अँपिअरच लागतात. ते ३ च्या आत बसतं आणि मिळतात ५० वॉट. म्हणजे कागदावर कमजोर असलेलं बिट साध्या केबलवर जास्त शक्ती देतं! ४५ वॉटचा चार्जर असेल तर चित्र पुन्हा बदलतं. तो २० व्होल्टला सव्वादोन अँपिअर देतो, ते दोन्ही बिटांना अपुरे. मग दोन्ही १५ व्होल्टवर येतात: लांब बिटला २८ वॉट, आखूडला ३६. ६५ वॉटचा चार्जर पीपीएस जातीचा असेल, म्हणजे मधले व्होल्टेज देणारा, आणि आयर्नच्या सॉफ्टवेअरला ते मागता येत असेल, तर साध्या केबलवरही आखूड बिटला १८ व्होल्टच्या आसपास थांबून ५० वॉटपर्यंत जाता येतं. खोक्यावरच्या एका आकड्यावरून यातलं काहीच कळत नाही.

केबल बदलली. १०० वॉटची, म्हणजे ५ अँपिअरची, सिलिकॉनच्या आवरणाची घेतली. स्क्रीनवर २० व्होल्ट आले. तोच पॅड, तेच ३५०. या वेळी सोल्डर पसरलं, पण हवं तसं झटकन नाही. वायर बरीच वेळ दाबून धरावी लागली आणि तिचं आवरण टोकाला आक्रसलं. शक्ती होती, ती पॅडपर्यंत पोचत नव्हती. कारण आयर्नसोबत आलेलं बिट सुईसारखं टोकदार होतं.

टोकदार बिट पाहून वाटतं की अचूक काम यानंच होईल. माझा अनुभव उलटा आहे. शंकूचं टोक सपाट पॅडला जेमतेम ठिपक्याएवढं टेकतं आणि उष्णता त्या ठिपक्यातूनच जाते. मग आपण तापमान वाढवतो, फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून वापरायचं द्रव्य) जळतो, सोल्डर चिकट होतं आणि पॅड उचकटतो. सुरुवात करणाऱ्यांची निम्म्याहून अधिक कामं या बिटनं बिघडतात असं माझं ठाम मत आहे. आम्ही २.४ मिलिमीटर रुंदीचं छिन्नीच्या आकाराचं बिट, टीएस-डी२४, लावलं. लांब बिट, ८ ओहम, म्हणजे शक्ती उलट ५० वॉटवर उतरलेली. टोकावर थोडं सोल्डर घेतलं, पॅडला फ्लक्स लावला, छिन्नीची सपाट बाजू पॅड आणि वायर दोघांना टेकवली. आधी पॅडवर, मग वायरच्या तारांत सोल्डर शिरताना दिसलं. वर चकचकीत, गुळगुळीत टाका. ६४ वॉटच्या सुईला जे जड गेलं ते ५० वॉटच्या छिन्नीनं केलं.

तेच बिट फिरवून त्याच्या कोपऱ्यानं ०८०५ चा रेझिस्टरही बसवता आला. त्यामुळे पहिल्या खरेदीत दोन बिटं पुरेत: डी२४ आणि जाड वायरींसाठी तिरकं कापलेलं सी४. ओळीनं पाय असलेल्या चिपा लावायची वेळ आली की सुरीच्या आकाराचं के बिट घ्यावं, त्याआधी नाही. बिट हातात आलं की मल्टिमीटरनं त्याच्या दोन संपर्कांमधला रोध मोजून बघावा. ८ किंवा ६.२ च्या आसपास आकडा यायला हवा. फार वेगळा आला तर ते बिट परत करावं.

एवढं झाल्यावर यादी आपोआप लहान झाली. मिनीवेअरचंच टीएस८०पी आकारानं सुबक आहे, बोटं टोकाच्या जवळ राहतात, त्यामुळे बारीक काम हातात छान बसतं. पण त्याची मर्यादा ३० वॉटची आणि बिटं त्याच्या स्वतःच्या जातीची, निवड थोडी. फक्त मॉड्यूल आणि सेन्सरचं काम असतं तर मी त्याला तेच घे म्हटलं असतं. मूळ टीएस१०० ला यूएसबी-सी नाही, फक्त गोल डीसी पिन. नंतरच्या टीएस१०१ मध्ये दोन्ही आहेत आणि ते शेवटपर्यंत शर्यतीत होतं. आतच बॅटरी असलेली आयर्न मी बाद केली, कारण बॅटरी म्हातारी झाली की चांगलं आयर्नही निकामी होतं. गॅसवर चालणाऱ्यांमध्ये बहुतेकदा तापमान नेमकं ठरवता येत नाही आणि बाहेर पडणारी गरम हवा शेजारच्या प्लॅस्टिकला चटका देते. जेबीसी कंपनीच्या सी२४५ जातीचं बिट घेणारी यूएसबी-सी हँडलंही मिळतात. उष्णता देण्यात ती बिटं या सगळ्यांत सरस आहेत, यात वाद नाही. पण त्यांचा रोध टी१२ घराण्यापेक्षा बराच कमी, भूक मोठी आणि चार्जरही तसाच लागतो. जो जवळजवळ रोज जाड तांब्यावर काम करतो त्यानं तिकडे जावं.

निवड झाली ती पाइनसिलची. त्याच्या बाजूनं वजन पडलं दोन गोष्टींचं. पहिली, यूएसबी-सी आणि गोल डीसी पिन असे दोन्ही रस्ते. दुसरी, आयर्नओएस हे खुलं सॉफ्टवेअर. बेन ब्राउन यांनी ते टीएस१०० साठी सुरू केलं आणि आता ते अनेक आयर्नवर चालतं. कंपनीनं उद्या लक्ष काढून घेतलं तरी सॉफ्टवेअर सुधारत राहतं, आणि छंदाच्या अवजाराला हे मला फार मोलाचं वाटतं.

बाहेरच्या कामाचा प्रश्न त्यानंतर सोपा झाला, तरी दोन अडचणी निघाल्या. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबानं ७४ वॉट-तास. रूपांतरातली घट धरली आणि सरासरी १५ वॉट वापर धरला तरी काही तास सहज निघतात. मात्र बँकेनं २० व्होल्टचा पर्याय पुरेशा करंटसह द्यायला हवा, नाहीतर वरचंच गणित पुन्हा आडवं येतं. दुसरी अडचण कामाच्या मध्येच उभी राहते. आयर्न स्टँडवर ठेवलं की त्यातला हालचाल ओळखणारा सेन्सर त्याला झोपवतो, करंट अगदी कमी होतो आणि पॉवर बँकेला वाटतं की काही जोडलेलंच नाही. ती बंद पडते. आयर्नओएसमध्ये ठरावीक वेळानं करंटचा छोटा ठोका देऊन बँकेला जागं ठेवायची सोय आहे, ती चालू केली.

त्याच्याकडे ड्रोनच्या लिथियम पॉलिमर बॅटऱ्याही होत्या, म्हणून गोल पिनेला एक्सटी६० ची वायर केली. चार सेलची बॅटरी नाममात्र १४.८ व्होल्टची, त्यावर ८ ओहमचं बिट २७ वॉट देतं. तुटलेली सेन्सरची वायर जोडायला तेवढे भरपूर. सहा सेलची मात्र लावायची नाही: पूर्ण भरलेली असताना ती २५.२ व्होल्टची असते आणि या आयर्नच्या डीसी पिनेची मर्यादा २४ ची आहे. सॉफ्टवेअरमध्ये सेलची संख्या भरून ठेवली की बॅटरी फार खाली जाण्याआधी आयर्न थांबतं. आणि डीसी पिन व यूएसबी-सी दोन्ही एकाच वेळी कधीही जोडायचे नाहीत. हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

अर्थिंगबद्दल नवे लोक विचारतच नाहीत, म्हणून थोडं थांबते. दोन पिनांच्या बहुतेक चार्जरांत मेन्सची बाजू आणि डीसीची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून सूक्ष्म गळती होते आणि डीसीची बाजू अर्थच्या तुलनेत अधांतरी तरंगते. मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक बिटला आणि दुसरं अर्थला लावलं तर बऱ्यापैकी व्होल्ट दिसतात. करंट फारच कमी असतो, माणसाला बहुधा जाणवतही नाही. पण मॉस्फेट जातीच्या ट्रान्झिस्टरच्या गेटला (त्याच्या नाजूक पायाला) किंवा नाजूक सेन्सरच्या पायाला तेवढा पुरतो. बोर्ड त्याच वेळी अर्थ असलेल्या संगणकाला यूएसबीनं जोडलेला असेल तर गळतीला सरळ वाट मिळते. म्हणून टाका मारताना बोर्डाला दुसरं काहीही जोडलेलं नको. मॉस्फेटचं काम असेल तेव्हा त्यानं आयर्न पॉवर बँकेवर चालवायचं असं ठरलं, कारण तिथे मेन्सचा संबंधच येत नाही. कायम चार्जरवरच काम करणाऱ्यानं आयर्नच्या अर्थ जोडणीला १ मेगाओहमच्या रेझिस्टरमधून अर्थ द्यावा.

सेटिंगवर फार वेळ घालवला नाही. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेल्या ६३/३७ सोल्डरसाठी ३२०, ते १८३ अंशाला वितळतं. बिनशिशाचं एसएसी३०५ हे २१७ ते २२० च्या दरम्यान वितळतं, त्याला ३५० च्या आसपास. झोपेचं तापमान १५०, तिथून परत कामावर यायला काही सेकंद. शिकणाऱ्यानं ६३/३७ नंच सुरुवात करावी, ते एकाच तापमानाला घट्ट होतं आणि टाका चटकन वाचता येतो. त्यात शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर हात साबणानं धुवायचे आणि कामाच्या टेबलावर खायचं नाही. धूर शिशाचा नसतो, तो फ्लक्समधल्या राळेचा असतो, पण त्यानं दम्याचा त्रास होऊ शकतो. छोटा पंखा धूर तोंडापासून दूर ओढेल असा ठेवावा.

आयर्न आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला. काम चालू असताना स्क्रीन अचानक काळी होते, परत सुरू होते आणि मग आयर्न ढिलं पडतं. चार्जरला दोन तोंडं होती, आणि दुसऱ्यात त्यानं फोन लावला होता. दुसरं उपकरण लागलं की असे चार्जर वाटणी नव्यानं करतात: क्षणभर वीज तोडतात आणि मग ६५ ऐवजी ४५ आणि २० असं काहीतरी देतात. ४५ वर आयर्न पुन्हा १५ व्होल्टला उतरलं होतं. फोन काढला, सगळं जागेवर आलं.

त्याच्या पेटीत आता पाइनसिल, डी२४ आणि सी४ बिटं, ६५ वॉटचा चार्जर, ५ अँपिअरची सिलिकॉन केबल, पॉवर बँक, बिट पुसायच्या पितळी काथ्याची डबी आणि जड बुडाचं स्टँड आहे. स्टँड मुद्दाम जड घेतलं. आयर्न इतकं हलकं आहे की केबलला वळण पडलं की तीच त्याला टेबलावरून खाली ओढते. हेडर, एसएमडी, एक्सटी६० ही तिन्ही कामं यावर होतात. अँटेनाच्या पत्र्याच्या डब्याला ग्राउंडची वायर जोडायचं एक काम मात्र त्यानं करून बघितलं आणि ते झालं नाही. तो पत्रा सगळी उष्णता पिऊन टाकतो आणि काही ग्रॅमच्या बिटमध्ये तेवढा साठा नसतो. त्यासाठी तो शेजारच्या वर्कशॉपमधून जाड तांब्याच्या बिटचं १०० वॉटचं मेन्सचं आयर्न मागून आणतो.